थोरल्या सुनेचं माप

काम तसं साधं होतं. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला एक वाडी आहे. तिथल्या एका बंद घरातून पितळेचं माप आणायचं. जायचं, कुलूप काढायचं, माप पिशवीत टाकायचं आणि महाडला परत यायचं. दुसऱ्या दिवशी लग्न होतं. नव्या नवरीनं उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडल्याखेरीज ती घरात आली, असं आपल्याकडे कोण म्हणतं?

तारीख ४ डिसेंबर २०२५, गुरुवार, दत्तजयंती. ही तारीख ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते रामचंद्रराव आपल्याच महाडातले. तुमच्यातल्या काहींच्या वडिलांना त्यांनी कॉलेजात इतिहास शिकवला असेल. माणूस फार शिकलेला, पण फार भित्रा. कुठलंही विधान केलं की पाठोपाठ 'असं मला वाटतं, चूकही असेल' हे म्हणायचेच. पोरं त्यांची नक्कल करायची. सारं गाव त्यांना प्रोफेसर म्हणे, फक्त थोरला भाऊ कुशाबा 'रामा' म्हणे. कुशाबाची वरती शेती. थोरला मुलगा विनीत अमेरिकेत, मुलगी अनुपमा, धाकटा अनिल. लग्न होतं ते या अनिलचं. वर्षभरापासून कुशाबा बायकोमुलासह महाडला फ्लॅटमध्ये राहत होता. वरचं घर चांगलं स्लॅबचं, रंग दिलेलं, पण त्याला कुलूप घातलेलं. का, ते सांगतो.

प्रोफेसर स्वतः तरुणपणी सहा वर्षं अमेरिकेत होते. तिथं त्यांनी प्रबंध लिहिला, तोही एका चमत्कारिक विषयावर. त्या देशात अशी शेकडो गावं होती, जिथं काळ्या माणसानं दिवसभर राबावं, पण सूर्य बुडायच्या आत गावाबाहेर व्हावं. काही गावांच्या वेशीवर तशा पाट्या असत. पाटी नसली तरी सगळ्यांना ठाऊक असे. अंधारात सापडला त्याची गत वाईट व्हायची, कधी मारझोड, कधी झाडाला फास. पाट्या उतरल्या तरी गावं बरीच वर्षं तशीच राहिली. प्रोफेसरांनी अशी त्रेचाळीस गावं धुंडाळली, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलले. एका म्हातारीनं त्यांना सांगितलं होतं, तिचा बाप एका गोऱ्या घरी माळीकाम करायचा. दिवस कलायला लागला की मालकीण मागच्या दारानं खाण्याचं पुडकं द्यायची आणि म्हणायची, चल, निघ आता. म्हातारी म्हणाली, ते कधी वाईट बोलले नाहीत हो. पुडकं नेहमी द्यायचे.

हे वाक्य प्रोफेसरांनी प्रबंधाच्या पहिल्याच पानावर घातलं. तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारलं, तुमच्या देशात असं काही आहे का? प्रोफेसर म्हणाले, अगदी असं नाही. तेव्हा त्यांना आपली आई आठवली होती. खालच्या आळीतला भिकू लाकडं फोडायला यायचा, आई त्याला मागच्या दारी उभं करून वरून पाणी ओतायची. भाकरीही वरूनच टाकायची. ते आठवलं आणि तरीही ते 'अगदी असं नाही' म्हणाले. पदवी मिळाली.

तर आता मागच्या वर्षी. म्हणजे ४ डिसेंबर २०२४. तारीख तीच.

विनीतनं अटलांटात लग्न केलं होतं. मुलीचं नाव जनेल. शाळेत शिकवायची. काळी होती. म्हणजे आपल्याकडे सावळी म्हणतात तशी नव्हे, त्या लोकांतली काळी. लग्नाला दोन वर्षं झाली होती, घरच्यांनी फोटो पाहिले होते आणि कुणाला दाखवले नव्हते. अनुपमाच्या लग्नाची सुपारी फुटायची ठरली तेव्हा विनीत तिला घेऊन आला. ती दुपारी दोनला गाडीतून उतरली ती अनुपमानं पाठवलेली पिवळी साडी नेसून. वाकून कुशाबाच्या आणि त्याच्या बायकोच्या, तुळजावहिनींच्या, पाया पडली. मग तिनं उंबऱ्याकडे पाहिलं आणि विनीतला विचारलं, माप कुठंय?

विनीतनं तिला शिकवून ठेवलं होतं. अटलांटात दाराशी कॉफीचा मग तांदळानं भरून तिनं सराव केला होता. उजवा पाय, हळूच, लाथ मारायची नाही, तांदूळ आतल्या बाजूला सांडले पाहिजेत.

तुळजावहिनी हसून म्हणाल्या, ते मुहूर्तानं करू, आज गडबड हाय. तिला त्यांनी घरात घेतलं नाही. ओटीवर खुर्ची टाकली. मग स्वयंपाकघरात येऊन विनीतला म्हणाल्या,

"मडमच आणायची व्हती तर गोरी तरी आणायचीस रे. गावभर मिरवली असती मी तिला."

विनीतनं पाण्याचा तांब्या भरला आणि ओटीवर नेऊन दिला.

अनुपमाच्या सासरचे लोक सातला येणार होते. मोठं घर, भावकी जबर. कुशाबाचा जीव टांगणीला लागला होता. ही ओटीवर बसलेली दिसली की सुपारी फुटत नाही, हे त्यानं मनाशी पक्कं धरलेलं. बराच वेळ खल झाला. महाबळेश्वरला हॉटेल बघायचं, गाडी आहेच, चांगू ड्रायव्हर तिला तासाभरात पोचवेल. उद्या सकाळी परत आणायची. विनीतनं राहायचं, तो नवरीचा भाऊ. फक्त तिला सांगायचं कुणी? सगळ्यांनी प्रोफेसरांकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना येतं, आणि त्या लोकांबद्दल त्यांनी पुस्तक लिहिलेलं.

प्रोफेसर ओटीवर गेले. जनेलच्या मांडीवर त्यांचाच प्रबंध होता. विनीतनं कुठल्या ग्रंथालयातून झेरॉक्स काढून दिलेला. तिनं एका पानाला बोट लावलं आणि म्हणाली, हे गाव माझ्या पणजोबांचं. पान एकशे बारा. तिला त्यांच्याशी बोलायचं होतं. त्यासाठी दोन महिने ती प्रश्न लिहून ठेवत होती.

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग सांगितलं. पाहुणे येतायत, जुन्या वळणाचे आहेत, तुला कंटाळा येईल, महाबळेश्वर फार छान आहे, फक्त आजच्या रात्रीपुरतं. हे सगळं ते इंग्रजीत बोलले आणि फार सभ्यपणे बोलले.

ती ऐकत होती. मग तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"अंकल, इथं सूर्य किती वाजता मावळतो?"

"सहाला," प्रोफेसर म्हणाले.

"म्हणजे माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत."

ती हसली नाही, चिडलीही नाही. प्रबंध मिटला आणि नीट पिशवीत ठेवला. तेव्हा कुठं त्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला की आपण आत्ता काय केलं. एक शब्द बोलले असते तरी भागलं असतं. पण तेवढ्यात तुळजावहिनी मागच्या दारानं आल्या, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या.

"वाटेत खाऊन घे म्हनावं तिला."

ते पुडकं तिच्या हातात दिलं प्रोफेसरांनीच.

पुढचं चांगू ड्रायव्हरनं पोलिसांना सांगितलं ते. वर दहाएक वळणं गेल्यावर बाई म्हणाली, गाडी वळव, घरी जायचंय. चांगूनं हातानंच अंधार दाखवला, उद्या, उद्या, म्हणाला. ती म्हणाली, नाही, आता, घरी. घाटात वळवायला जागा कुठली? चांगूनं इंडिकेटर लावला, मागे घेतली, पुढे घेतली, परत मागे घेतली. मागचं चाक कठड्याच्या फटीतून गेलं. तो दारातून फेकला गेला, झाडीत अडकला. ती गाडीबरोबर खाली गेली. चांगूचा पाय मोडला होता, पण फोन हातात होता. त्यानं विनीतला लावला, बंद. कुशाबाला लावला, बंद. पाहुण्यांसमोर नको म्हणून सगळ्यांनी बंद ठेवलेले. मग प्रोफेसरांना लावला.

प्रोफेसरांचा चालू होता. जेवणाची पंगत बसली होती. पडद्यावर 'चांगू ड्रायव्हर' असं नाव उजळलं. नवऱ्या मुलाचे चुलते शेजारीच बसलेले, काहीतरी सांगत होते. प्रोफेसरांनी फोन पालथा ठेवला. तो अकरा वेळा वाजला. आवाज नव्हता, नुसता ताटाशेजारी थरथरत होता.

सात चाळीसला सुपारी फुटली. चांगूनं सांगितलं, खालून बाईचा आवाज नऊपर्यंत येत होता.

विनीत तिला शवपेटीतून अमेरिकेला घेऊन गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही. अनुपमाचं लग्न मात्र वेळेवर झालं.

मग वाडीत बोलणं सुरू झालं. दिवेलागणीला कुशाबाच्या फाटकाशी कुणीतरी उभं असतं. बोलत नाही, नुसतं उभं. कुशाबाचं घर वाडीतलं शेवटचं, फाटकापाशीच वाडीची शीव. कुशाबानं धोंडू भगताला बोलावून शीव बांधून घेतली. तुम्ही पाहिली असेल अशी बांधलेली शीव. फाटकाच्या खांबाला तांबड्या कापडात नारळ, खाली खिळा ठोकलेला, लिंबं. एकदा बांधली की बाहेरचं बाहेर राहतं, अंधार पडला की आत येत नाही. प्रोफेसर त्या वेळी तिथं उभे होते. या अंधश्रद्धेला ते मनात हसले. आणि ती कशाची पाटी आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं ते महाडला उतरल्यावर, रात्री, झोप येईना तेव्हा.

एवढं झाल्यावरही महिनाभरात कुशाबानं घर सोडलं.

आता त्या गुरुवारी या. कुशाबा लग्नाच्या धावपळीत, माप आणायला मोकळं माणूस एकच. एसटीनं पोलादपूर, तिथून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं वाडीचा फाटा. पोचायला सव्वापाच झाले. चावी शेजारच्या चंद्रभागेकडे. ती एकटी म्हातारी, तोंडानं फटकळ. तिनं चावी दिली, चहा दिला आणि निळ्या चौकड्याच्या फडक्यात दोन भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली.

"दिवस हाय तवर शिवेभायेर पडा, प्रोफेसर. हितं आता कोन थांबत नाय."

प्रोफेसरांना ते वाक्य लागलं. त्यांनी पुडकं पिशवीत टाकलं.

"ती कोनाला काय करत नाय," चंद्रभागा म्हणाली. "म्या भाकर ठेवत्ये खांबावर. घेते नि जाते. सकाळी फडकं भायेर पडलेलं असतंय."

"खाते?"

"गाठ सुटलेली नसते."

घर उघडलं. आतून कोंदट वास आला. माप नेहमीच्या फळीवर नव्हतं. प्रोफेसरांनी महाडला फोन लावला. तुळजावहिनी म्हणाल्या, तांदळाच्या पिंपात बघा, तळाला. त्या दिवशी तिनं सारखं मागू नये म्हणून घातलं होतं.

पिंप कमरेएवढं. प्रोफेसर वाकले, हात खांद्यापर्यंत तांदळात घातला. तांदूळ गार होते. बोटं तळाशी फिरली, काही लागेना. दुसऱ्या बाजूनं घातला. अखेर पितळेचा काठ बोटांना लागला. ओढून काढलं तेव्हा ते तांदळानं काठोकाठ भरलेलंच वर आलं. घरातल्या पाच सुना या मापाला पाय लावून आत आल्या होत्या. वरच्या काठाला एके ठिकाणी पोचा पडलाय, तो आईच्या पायाचा, असं कुशाबा सांगे.

त्यांनी वर पाहिलं. खिडकीत उजेड नव्हता.

पौर्णिमा होती, पण तिथं चंद्र घाटाचा डोंगर चढून वर यायला साडेसात वाजतात. प्रोफेसर पिशवी काखेत आणि माप दोन्ही हातांत धरून ओटीवर आले. समोर अंगण, अंगणापलीकडे फाटक, फाटकापलीकडे काळोख.

टक. टक. टक.

गाडीचा इंडिकेटर वाजतो तसा आवाज. गाडी नव्हती. एक पिवळट उजेड मात्र होता, लागत होता, विझत होता. लागला की फाटकाचे गज दिसायचे.

लागला. गज.

विझला.

लागला. गजांमागं पिवळी साडी.

प्रोफेसरांनी पळायचं म्हटलं तरी वाट तीच होती. ते अंगणात उतरले. का उतरले, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. फाटकापासून चार हातांवर थांबले.

ती तशीच होती. कुठं लागलेलं दिसत नव्हतं. पिशवी खांद्याला. तिनं मनगट वळवून घड्याळ पाहिलं.

"अंकल, इथं सूर्य किती वाजता मावळतो?"

आवाज शांत. खरंच माहीत नसल्यासारखा.

पोरांनो, भूत समोर आलं की माणूस देवाचं नाव घेतो. प्रोफेसरांना देव आठवला नाही. त्यांना एवढंच कळलं की माप आपल्या हातात आहे. भरलेलं. मागे उंबरा आहे. दार उघडं आहे. घरात कुणी पाहुणे नाहीत. नारळाची गाठ सोडायची, माप उंबऱ्यावर ठेवायचं आणि दोन शब्द म्हणायचे. 'आत ये.' वर्षभर ते हे दोन शब्द मनात म्हणत होते. आरशासमोर म्हटले होते. इंग्रजीतही म्हटले होते.

तिची नजर मापावर गेली.

तिनं साडी किंचित उचलली. उजवा पाय पुढे केला. गजापर्यंत.

थांबली.

वाट पाहत राहिली...

उजेड लागत होता. विझत होता.

प्रोफेसरांनी तोंड उघडलं. शेजारच्या घरात चंद्रभागेच्या खिडकीचं दार किलकिलं झालेलं त्यांना दिसलं. कुणीतरी पाहतंय. उद्या लग्न आहे. अनिलचं. वाडीत सांगतील की प्रोफेसरांनी तिला घरात घेतलं. आणि उद्या काही बरंवाईट झालं तर...

त्यांचे हात हलले. माप पाठीमागं गेलं.

"फक्त..." ते म्हणाले. "फक्त आजच्या रात्रीपुरतं..."

आणि पिशवीतून ते निळ्या चौकड्याचं पुडकं काढून त्यांनी गजांतून बाहेर धरलं.

टक. टक.

हातातलं वजन गेलं.

टक.

मग काहीच नाही.

चंद्र वर आला तेव्हा प्रोफेसर अंगणातच उभे होते. रस्ता रिकामा होता. चंद्रभागेनं पलीकडे राहणाऱ्या पुतण्याला बोलावून मोटारसायकलवरून त्यांना फाट्यावर सोडलं. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी डोळे मिटून घेतले. शीव ओलांडून माप बाहेर गेलं, हे तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही. शीव बांधली होती ती वाडीची. महाडच्या फ्लॅटला कुणी काही बांधलं नव्हतं.

महाडला कुशाबाच्या फ्लॅटवर त्यांनी माप दिलं आणि तसेच आपल्या घरी गेले. तुळजावहिनींनी माप चिंचेनं लखलखीत घासलं. शुक्रवारी सकाळी लग्नाला निघताना नव्या तांदळानं भरून आत, दाराच्या बाजूला पाटावर ठेवलं. म्हणजे परत आल्यावर नुसतं उंबऱ्यावर सरकवायचं. दाराला कुलूप घातलं, चावी कमरेला खोचली. ती दिवसभर त्यांच्या कमरेलाच होती.

लग्न चांगलं झालं. कुणाला ठेच लागली नाही, वरण कमी पडलं नाही. परत यायला सहा वाजले. जिन्यात दिवे लागले होते. नवी सून वैशाली हिरव्या शालूत, डोक्यावरून पदर, दाराबाहेर थांबली. अनिल शेजारी. मागे जिन्यावर पंधरावीस माणसं, त्यांत तुम्हाला ही हकिकत सांगणाराही होता. बायका गुणगुणत होत्या. तुळजावहिनींनी कुलूप काढलं, दार ढकललं.

ढकललं आणि तशाच थांबल्या.

माप पाटावर नव्हतं. उंबऱ्यावर आडवं पडलं होतं. तांदूळ सांडले होते, सगळे आतल्या बाजूला, देव्हाऱ्यापर्यंत. नीट सांडलेले. हळूच, लाथ न मारता.

कुणीतरी मांजर म्हणालं. खिडक्या बंद होत्या.

वैशाली दारात उभी. मेंदीचे हात पोटाशी धरून. तिनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. काय चुकलं ते तिला कळेना. बाहेर अंधार पडत होता, आणि एवढ्या माणसांत तिला 'आत ये' म्हणायला कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. कुशाबानं भावाकडे वळून पाहिलं. प्रोफेसर जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसले होते.

ते मापाकडे बघत नव्हते. बघत होते पाटाकडे, जिथं सकाळी माप ठेवलं होतं तिथं.

पाटावर निळ्या चौकड्याचं पुडकं होतं. चंद्रभागेच्या हातची गाठ. सुटलेली नव्हती.